बाजार कंपनीचा शेअर

कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल हातात आला की तो शेवटच्या पानापासून वाचायला लागायचा. पुढच्या पानावर अध्यक्षांचा हसरा फोटो, मधे रंगीत आलेख, आणि जे सांगायची कंपनीला लाज वाटते ते मागे, बारीक अक्षरांतल्या टिपांमध्ये, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून ऑफिसात त्याचं नाव पडलं टीपराव. वीस वर्षांत ते इतकं चिकटलं की स्वागतकक्षात नव्याने आलेल्या मुलीने एकदा त्याच्या टपालावर ‘श्री. टीपराव, तिसरा मजला’ असंच लिहून पाठवलं, आणि ते बरोबर पोचलं.

ऑफिस होतं एका पेन्शन फंडाचं. परिचारिका, वॉर्डातले मदतनीस, रुग्णवाहिकांचे चालक यांच्या पगारातून दरमहा कापले जाणारे पैसे कुठे गुंतवायचे हे ठरवायला तिसऱ्या मजल्यावर अकरा माणसं बसायची. त्यांच्यावर ज्या होत्या त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. उंचीने त्या सगळ्यांत लहान होत्या, पण तो विनोद त्यांच्यासमोर कुणी करत नसे.

एका सोमवारी मोठ्या बाईंनी त्याला बोलावलं.

“टीपराव, तुमच्या आवडीचं काम आहे. चारशे पानांचा अहवाल, त्यात शंभर पानं नुसत्या टिपा.”

“कुठली कंपनी?”

“बाजार कंपनी.”

शेअर बाजार म्हटलं की लोकांना ते काहीतरी सरकारी प्रकरण वाटतं. पण तोही एक कंपनीच चालवते, आणि त्या कंपनीचा शेअर त्याच बाजारात रोज घेतला-विकला जातो. फंडाला तो शेअर घ्यायचा होता, आणि एकदा घेतला की दहा वर्षं हलवायचा नव्हता. सहा आठवड्यांनी समितीची बैठक होती. तोवर टीपरावचं मत लेखी हवं होतं.

“बाई, एक सांगायला हवं,” तो म्हणाला. “माझ्या बहिणीचे यजमान तिथे नोकरीला आहेत.”

“हिशेबाच्या बाजूला?”

“नाही. यंत्रांच्या. सर्व्हरच्या खोलीत असतात.”

बाईंनी चष्मा वर सरकवला. “मग फॉर्म भरून द्या, आणि घरी या विषयावर तोंड उघडू नका. तुम्हाला हे सांगायची गरज नाही म्हणा.”

गरज नव्हतीच. तो नाकासमोर चालणारा माणूस होता. फॉर्म त्याने त्याच दुपारी भरला, आणि संध्याकाळी ताईला फोन करून सांगितलं की सहा आठवडे मी रविवारी येणार नाही.

आई-वडील गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, तो दर रविवारी ताईकडे जेवायला जात होता. त्याने लग्न केलं नव्हतं. ताईला मूल नव्हतं. टेबलाला चार खुर्च्या होत्या आणि चौथीवर वर्तमानपत्रं असायची.

“का रे? मी काय ताटात शेअरचे भाव वाढते का?” ताई म्हणाली.

“तसं नाही गं. उद्या कुणी म्हणायला नको.”

“कोण म्हणणार?”

“कुणीही म्हणू शकतं.”

मागून भाऊजींचा आवाज आला, “राहू दे गं. मेहुणे मोठे झाले. आम्हा गरिबांच्या दारात गाडी थांबवायची त्यांना चोरी झालीये.” आणि ते हसले. हसताना त्यांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही, पण त्या वेळी त्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

भाऊजी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठे. लग्न ठरलं तेव्हा तो सांख्यिकीत दोनदा नापास झालेला पोरगा होता. नव्या जावयाने सासुरवाडीला येऊन काय करावं, तर हे सकाळी सातला त्याला उठवून शक्यता आणि सरासरी शिकवत बसायचे. तिसऱ्या वेळी तो पास झाला. आज तो जे काही होता, त्यात त्या सकाळींचा वाटा मोठा होता, आणि हे तो कुणाला सांगत नसला तरी विसरलेला नव्हता.

काम सुरू झालं. तीन आठवडे त्याने त्या कंपनीचं पान न् पान पिंजून काढलं. इतका सुरेख धंदा त्याने आजवर पाहिला नव्हता. कुणी शेअर घेतला की कंपनीला शुल्क, विकला की शुल्क. भाव चढला तरी पैसे, कोसळला तरी पैसे, उलट कोसळला की जास्त, कारण घाबरलेली माणसं दिवसातून चारदा घेतात-विकतात. बाजारात नाव लावायचं तर कंपन्यांनी दरवर्षी वर्गणी भरायची. वर पुन्हा दिवसभराचे भाव काय होते ही माहिती, जी लोकांनीच आपल्या व्यवहारांतून तयार केलेली, ती त्याच लोकांना पैसे घेऊन विकायची. शंभर रुपये आले की त्यातले बासष्ट नफा म्हणून उरत. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका मंडळीने नवा बाजार काढून पाहिला होता. चौदा महिन्यांत गाशा गुंडाळला. घेणारे तिथेच जातात जिथे विकणारे असतात, आणि विकणारे तिथेच जिथे घेणारे असतात. नव्या दुकानात दोन्हींपैकी कुणीच पहिला शिरायला तयार होत नाही.

मग तो एकतिसाव्या टिपेवर अडकला.

बाजाराची मुख्य यंत्रं बंद पडली तर काही मिनिटांत सगळं काम उचलणारी यंत्रांची दुसरी जोडी, दुसऱ्या गावात, तयार ठेवावी लागते. तिला पर्यायी केंद्र म्हणतात. एकतिसावी टीप त्या केंद्राच्या खर्चाची होती. त्याने मागच्या सहा वर्षांचे अहवाल काढले आणि आकडे एकाखाली एक मांडले. भाडं तेच. जागा तीच. विजेचं बिल जवळपास तेच. नवी खरेदी शून्य, शून्य, शून्य, किरकोळ, शून्य, शून्य. आणि याच सहा वर्षांत रोजचे व्यवहार पाचपट झाले होते.

त्याने कंपनीला रीतसर पत्र पाठवून विचारलं. चार ओळींचं उत्तर आलं: दर तिमाहीला पर्यायी केंद्रावर पूर्ण सराव होतो, तो यशस्वी होतो, आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र उपलब्ध आहे.

त्याने दीड पान लिहिलं. आरोप केला नाही, आकडे मांडले, आणि खाली एवढंच म्हटलं की हे केंद्र आजचा भार उचलू शकेल असं मानायला या अहवालांत आधार सापडत नाही.

चौथ्या आठवड्यात, बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत स्वागतकक्षातून फोन आला. “खाली तुमचे भाऊजी आलेत.”

तो खाली गेला. भाऊजी दाराजवळच्या बाकावर बसले होते, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मांडीवर एक पिवळा लिफाफा. महिनाभरात ते चांगलेच वाळले होते. दाढी एका गालावर नीट झाली होती, दुसऱ्यावर नाही.

“काय मेहुणे, दहा मिनिटं आहेत का?”

“कामाचं आहे का?”

“कामाचं म्हणजे...” त्यांनी लिफाफा उलटा करून पाहिला. “माझं आहे.”

“पण बाजाराचं?”

भाऊजींनी लिफाफा पुन्हा सरळ केला.

“भाऊजी, आत्ता एक अक्षर बोलू नका,” तो हलक्या आवाजात म्हणाला. स्वागतकक्षातली मुलगी चार पावलांवर होती. “बोललात तर मला ते बाईंना सांगावं लागेल. तुमची नोकरी जाईल आणि माझीही. सोळा दिवस राहिलेत. सोळा दिवसांनी मी येतो, दिवसभर बसू. चालेल?”

भाऊजी त्याच्याकडे पाहत राहिले. रागावून नाही. समोरची आकडेमोड मनातल्या मनात पुन्हा करून पाहावी तसे.

“सोळा दिवस,” ते म्हणाले. “बरं.” मग उठून लिफाफा कोटाच्या आत घातला. “ताईला सांगू नकोस मी आलो होतो. म्हणेल, मला भावाला जेवायला बोलवायची बंदी आणि तुम्ही परस्पर भेटता.”

ते गेले. तो वर आला आणि बाईंसाठी दोन ओळींची चिठ्ठी लिहिली: आज दुपारी बाजार कंपनीत नोकरी करणारे माझे नातेवाईक भेटायला आले होते, कामाविषयी कोणतंही बोलणं झालं नाही. खाली तारीख, वेळ, सही. चिठ्ठी देताना त्याला स्वतःबद्दल जरा बरंच वाटलं. हे त्याला पुढे फार वेळा आठवलं.

अहवालातली माहिती चुकीची असू नये म्हणून मसुद्याचा तो भाग त्या-त्या कंपनीला तपासायला पाठवायची फंडाची पद्धत होती. पुढच्या सोमवारी मोठ्या बाईंनी तो पाठवला. गुरुवारी सकाळी ताईचा फोन आला.

“तू काय लिहिलंस?” तिने नेहमीसारखं ‘जेवलास का’ विचारलं नाही.

“काय झालं?”

“ह्यांना निलंबित केलंय. आतली माहिती बाहेर दिली म्हणे. तुझ्या कागदावर ह्यांच्या खोलीतलं सगळं आहे म्हणतात. ह्यांच्या नोकरीच्या कागदांत तुझं नाव नातेवाईक म्हणून आहे. तू लिहिलंस का तसं?”

“ताई, ते सगळं त्यांनीच छापलेलं आहे. त्यांच्याच अहवालात. पान तीनशे ऐंशी.”

“मग त्यांना सांग ना.”

तो मोठ्या बाईंकडे धावला. बाई कधी नव्हे त्या खुर्चीतून उठल्या. त्यांनी तिथल्या तिथे कंपनीला पत्र लिहिलं, सहा वर्षांच्या अहवालांची पानं जोडली, आणि आमचा माणूस किती काटेकोर आहे हे दिसावं म्हणून त्याची ती दोन ओळींची चिठ्ठीही जोडली. हेतू चांगला होता. कंपनीच्या वकिलाने पानं बाजूला ठेवली आणि चिठ्ठीतला पहिला अर्धाच वाचला. भेट झाली होती, ऑफिसात झाली होती, भर दुपारी झाली होती, आणि हे खुद्द विश्लेषकाच्या सहीने लिहून दिलेलं होतं.

शुक्रवारी तो ताईच्या घरी गेला. दार भाऊजींनी उघडलं, पण साखळी काढली नाही.

“किती दिवस राहिले तुझे?” त्यांनी विचारलं.

“भाऊजी, आता ते सोडा.”

“सात,” ते म्हणाले. “मी मोजलेत. आत आलास तर उद्या म्हणतील, बघा, पुन्हा भेटले. माझं व्हायचं ते झालंय, तुझं कशाला? सात दिवसांनी ये.”

आत ताई उभी होती, तिचा नुसता हात दिसत होता. साखळीच्या फटीतून त्याने “बरं” म्हटलं आणि जिना उतरला.

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बाजार बंद पडला.

ऑफिसात आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. भिंतीवरच्या पडद्यावर आकडे होते, फक्त ते बदलत नव्हते. मग फोन वाजायला लागले. यंत्रांची खोली थंड ठेवणारी व्यवस्था बिघडली, खोली तापली आणि मुख्य यंत्रं बंद करावी लागली, हे नंतर कळलं. काम पर्यायी केंद्राकडे गेलं. पर्यायी केंद्राने ते अकरा मिनिटं ओढलं आणि मान टाकली. संध्याकाळी चारपर्यंत सगळ्या देशात एक शेअर इकडचा तिकडे झाला नाही.

टीपराव पडद्यासमोर उभा होता. आजूबाजूचे त्याच्याकडे पाहत होते, कुणीतरी खांद्यावर थाप मारली. आपण बरोबर निघालो हे त्याला कळत होतं, आणि ते कळून काडीचंही समाधान होत नव्हतं.

त्या सकाळी भाऊजींच्या हाताखालच्या एका तंत्रज्ञाने घाबरून त्यांना घरी फोन लावला होता. निलंबित माणूस, घरच्या कपड्यांत, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून दोन तास फोनवर सांगत राहिला की कुठली यंत्रं आधी चालू करा, कुठल्याला हात लावू नका. वरच्यांना पत्ता लागला तेव्हा त्यांनी फोन हिसकावून घेतला. भाऊजींनी सांगितलेल्या क्रमानेच बाजार पुन्हा सुरू झाला. पण आरोपपत्रात मात्र एक कलम वाढलं: निलंबनाच्या काळात यंत्रणेत अनधिकृत हस्तक्षेप.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात एक कागद छापून आला. पर्यायी केंद्राचा पूर्ण भाराचा सराव यशस्वी झाल्याचं ते प्रमाणपत्र होतं. तारीख दोन आठवड्यांपूर्वीची. खाली भाऊजींची सही.

तारीख पाहून टीपराव खुर्चीत बसला. तोच बुधवार होता.

आता सात दिवस पुरे व्हायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तो गेला, ताईने दार उघडलं, आणि आत बोट दाखवलं. भाऊजी पलंगाच्या कडेला बसले होते.

“लिफाफ्यात हेच होतं?” त्याने विचारलं.

“हेच. बिनसहीचं.”

“सराव झाला नव्हता?”

“तीन वर्षांत एकदाही पूर्ण भाराने झाला नाही. थोडा भार टाकायचा आणि ‘पूर्ण’ लिहायचं. माझ्या आधीचा करायचा सह्या. तो गेल्यावर माझ्याकडे आलं. मी चार पत्रं लिहिली वर, नवी यंत्रं द्या म्हणून. साहेब म्हणाले, आधी सही कर, मग यंत्रांचं बघू.” ते थांबले. “तुला आतलं काही सांगायला नव्हतो आलो रे. तेवढं मला कळतं. सही करणार नाही असं पत्र कसं लिहितात, एवढंच विचारायचं होतं. तुला ती भाषा येते. मला नाही येत. मी लिहिलं की भांडल्यासारखं होतं.”

टीपरावने मान खाली घातली.

“संध्याकाळी सहाला साहेब खोलीत येऊन उभे राहिले,” भाऊजी म्हणाले. “केली मग.”

ताई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “दहा मिनिटं मागितली होती ह्यांनी.” आवाज चढवला नाही. स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला, आणि बराच वेळ बंद केला नाही.

चौकशी समिती नेमली गेली. त्याने आपलं दीड पान आणि सहा वर्षांचे आकडे समितीला पाठवले. सोबत पत्र जोडलं की केंद्रावर खर्चच होत नव्हता हे कंपनीच्याच कागदांवरून दिसतं, तेव्हा सगळं खापर एका अधिकाऱ्याच्या डोक्यावर फोडणं बरोबर नाही. उत्तर लवकर आलं. लेखक संबंधित अधिकाऱ्याचा जवळचा नातेवाईक असल्याने हे निवेदन विचारात घेता येत नाही. भाऊजींची चार पत्रं कंपनीच्या यंत्रांत होती, आणि ती यंत्रं बघायची भाऊजींना आता परवानगी नव्हती.

या सगळ्यात शेअर मात्र तीन दिवसांत चौदा टक्के पडला आणि मग थांबला. फंडाची बैठक दहा दिवस पुढे ढकलली होती. तो मोठ्या बाईंकडे गेला आणि म्हणाला, “मला या कामातून मोकळं करा.”

“का?”

“माझ्या घरातला माणूस त्यात अडकलाय.”

“म्हणजे तुम्ही त्या कंपनीबद्दल वाईट लिहाल अशी शंका लोक घेतील,” बाई म्हणाल्या. “खरं आहे. पण तुम्ही काय लिहिणार आहात?”

काय लिहायचं हे त्याला ठाऊक होतं. बंद पडल्याच्या चौथ्या दिवशी बाजारात आजवरचे सर्वाधिक व्यवहार झाले होते. एकाही कंपनीने आपलं नाव काढून घेतलं नव्हतं. नेऊन लावणार कुठे? नियामकाने दंड केला, तो कंपनीच्या नऊ दिवसांच्या नफ्याइतका होता. आता नवी यंत्रं घ्यावी लागणार, त्याचा खर्च शुल्कात दोन पैसे वाढवून वसूल होणार, आणि ते दोन पैसे सगळे मुकाट्याने भरणार.

“माझ्याकडे दुसरं कुणी इतकं वाचलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “आणि चांगलं लिहिलंत तर तुमच्यावर शंका घेणार कोण?”

बैठकीला नऊ जण होते. समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त मेट्रन होत्या, आयुष्यभर वॉर्डात उभं राहून पाय सुजलेल्या. त्यांनी त्याचा अहवाल खरोखर वाचला होता.

“एवढं होऊन लोक परत तिथेच जातील?” त्यांनी विचारलं.

“गेलेच आहेत.”

“आणि दहा वर्षांनी?”

“दहा वर्षांनीही दुसरं दुकान नसेल. माझ्या मते नसेल.”

“म्हणजे तो बाजार चांगला चालो की वाईट चालो, आम्ही घ्यावा.”

“आजच्या भावाला, हो.”

मेट्रनबाईंनी चष्मा काढला. “त्यांनी तुमच्या मेहुण्यांना पुढे केलं, असं ऐकलं.”

“हो.”

“तुम्हाला काय वाटतं त्याचं?”

“मला काय वाटतं, त्याने शेअरच्या भावाला फरक पडत नाही,” तो म्हणाला. हे बोलताना आवाज थरथरेल अशी त्याला भीती होती, पण तो अगदी सरळ निघाला. ठराव एकमताने झाला. फंडाने शेअर घेतला.

चौकशीच्या तिसऱ्या सुनावणीच्या आदल्या सकाळी भाऊजी बुटाची नाडी बांधायला वाकले ते तसेच आडवे झाले. ताईने दोन मजले ओरडत खाली जाऊन शेजाऱ्यांना बोलावलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. एकवीस दिवस ते हॉस्पिटलात होते. जीव वाचला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. ऐकू येतं, कळतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले. त्या वॉर्डातल्या परिचारिका फंडाच्याच सभासद होत्या. त्यांतली एक जण त्याचं कार्ड पाहून म्हणाली, “अरे वा, आमचे पैसे तुम्ही सांभाळता,” आणि भाऊजींची उशी नीट करून गेली.

चौकशी समितीने निकाल दिला की संबंधित अधिकारी निवेदन करण्याच्या स्थितीत नसल्याने उपलब्ध कागदपत्रांवरून दोष त्यांच्याकडे जातो. माणुसकीच्या दृष्टीने पुढील कारवाई करण्यात येत नाही. साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर.

हिवाळा संपता संपता ताईने त्याला एका दुपारी बोलावलं. पलंग आता बाहेरच्या खोलीत आणला होता. भाऊजी तीन उशांना टेकून बसले होते, तोंड खिडकीकडे. ताईने एक जाड फाइल टेबलावर ठेवली.

“कपाट आवरताना मिळाली. कंपनीने ह्यांना दरवर्षी थोडे-थोडे शेअर दिले होते, बावीस वर्षं. हे कधी बोलले नाहीत. म्हणे निवृत्तीनंतर कुठेतरी डोंगरात जाऊन राहू.” तिने खुर्ची ओढली. “ह्यांना सांभाळणाऱ्या बाईचा पगार, मालिशवाला, औषधं, घरभाडं, सगळं यातूनच निघायचंय. सांग. विकून टाकू का ठेवू?”

तो फाइल चाळू लागला. नेहमीसारखी मागून.

“मला उगाच बरं वाटावं म्हणून नको सांगूस,” ताई म्हणाली. “त्या लोकांना सांगतोस तसं सांग.”

त्याने तिच्याकडून कागद घेतला, दरमहा लागणारा खर्च विचारला, लिहिला, पुन्हा तपासला. खोटं सांगावं असं मनात आलं. विक म्हणावं, या घरात त्या कंपनीचा कपटाही नको म्हणावं. भाऊजींचं तोंड खिडकीकडेच होतं, पण मान किंचित वळली होती.

“लागेल तेवढे थोडे थोडे विक,” तो म्हणाला. “बाकीचे ठेव. आहेत त्याच्या दुप्पट होतील. आठ वर्षांत, फार तर दहा.”

“नक्की?”

“नक्की काहीच नसतं. पण मी ठेवले असते.”

“म्हणजे ते लोक बरोबर होते.”

“नाही. ते चूक होते. आणि शेअर वाढेल.”

ताई फाइलवर हात ठेवून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. ती तशी रडणाऱ्यांतली नव्हतीच.

“तुझ्या त्या कंपनीला सांग,” ती म्हणाली, आणि मग ते वाक्य तिने सोडून दिलं. “ठेवते. रागवायला पैसे लागतात रे. माझ्याकडे नाहीत.”

पलंगावरून आवाज आला, घशातून, अर्धवट. दोघांनी वळून पाहिलं. भाऊजी डाव्या हाताने पांघरुणाची कड मुठीत धरत होते आणि सोडत होते. हसले, का रडले, का नुसतं पाणी हवं होतं, ते कळलं नाही. ताईने पाणी दिलं, भाऊजी ते प्यायले.

वर्षभरात शेअर चाळीस टक्के वर गेला. फंडाच्या वार्षिक सभेत मोठ्या बाईंनी त्याचं नाव घेतलं, टीपराव नव्हे, खरं नाव, आणि सभासदांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं काम आलं, एका सिमेंट कंपनीचं. तो तिचा अहवाल शेवटच्या पानापासून वाचायला बसला, पण आता दोन पानांनंतर त्याचं लक्ष उडायचं. मग उठून पाणी पिऊन यायचं आणि पुन्हा शेवटच्या पानापासून.

रविवारी तो जातो. ताई तेवढ्या वेळात बाहेरची कामं उरकून घेते. भाऊजींना भरवायला तास-दीड तास लागतो, कारण गिळताना ठसका लागू नये म्हणून थोडं थोडं द्यावं लागतं. काही रविवारी ते सगळं खातात. काही रविवारी त्याने चमचा पुढे केला की तोंड भिंतीकडे फिरवतात, आणि ताई परत येईपर्यंत फिरवत नाहीत. तेव्हा तो वाटी झाकून ठेवतो आणि बसून राहतो.